हाकांची वही

मोरीतला नळ खाकरला. आधी नुसती हवा, मग घशात काही अडकल्यासारखी खरखर, मग पुन्हा शांत. विनीताच्या हातातलं पेन थांबलं. कलबुर्गीच्या त्या गल्लीत पाणी पाचव्या दिवशी यायचं आणि वेळ सांगून यायचं नाही, म्हणून सगळ्याच घरांत नळ उघडा ठेवून खाली रिकामी बादली ठेवायची पद्धत होती. पहिली धार तळावर वाजली की बाया हातातलं टाकून उठायच्या. धार अजून वाजली नव्हती. दुपारचा दीड झाला होता, आतल्या खोलीत साडेचार वर्षांची सोनू झोपली होती, आणि सोनूची झोप म्हणजे विनीताचा दिवसातला एकुलता एक तास, फार तर सव्वा. सासूबाई, सुमतीबाई, गाणगापूरला गेल्या होत्या, गुरुवार करूनच परतणार होत्या. नवरा श्रीहर्ष कॉलेजात शिकवत होता. साडेचारला येऊन तो मुलीला घेणार आणि पाचला विनीता किल्ला स्पोर्टिंग क्लबच्या बैठकीला जाणार, असं सकाळी ठरलं होतं. तिच्यापुढे एक कोरा फुलस्केप होता. अगदी कोरा नव्हे, त्यावर एक ओळ होती: ‘श्री. विरुपाक्ष यांनी जनरल मॅनेजर या नात्याने आपल्या फुटबॉल संघाची जी फेरउभारणी चालवली आहे, तिच्याविषयी माझे मत असे की’. ‘की’च्या पुढे सकाळपासून काही आलं नव्हतं.

मत लेखी द्यायचं हा नियम तिच्या वडिलांचा. रामाचार्य गणिताचे मास्तर आणि तीस वर्षं क्लबचे चिटणीस. तोंडी दिलेलं मत चहा येईपर्यंत बदलतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून समितीतल्या तिघांनी घरूनच लिहून आणायचं, तिथे नुसतं वाचायचं, आणि दोन कागद ज्या बाजूला तो निर्णय. अडीच वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा त्यांच्या खुर्चीवर विनीताला बसवलं, कारण सामन्यांची वही तिच्याकडे होती. ती स्वतः युनिव्हर्सिटीकडून खेळलेली, लग्नानंतर शाळेत गणित शिकवलेली, आणि सोनू झाल्यावर शाळा सोडलेली. बाकी दोघांचे कागद ती न वाचताच ओळखून होती. अध्यक्ष वीरभद्रप्पा, डाळमिलवाले, लिहिणार: ठेवा, कारण या मॅनेजरनं हैदराबाद-सोलापूरहून भाड्याचे खेळाडू आणणं बंद केलं आणि त्यांच्या मागची लॉजची, बिर्याणीची कटकट संपली. जुने गोलकीपर हावगेप्पा लिहिणार: काढा; कारण त्यांनी हाताखाली वाढवलेले सात जण त्यानं घरी बसवले. तिला वाटायचं, यातला एकजण बरोबर मत भलत्याच कारणानं देतोय आणि दुसरा भलतं मत बरोबर कारणानं. पण कोण कुठला, ते दिवसातून दोनदा बदलायचं.

विरुपाक्ष हुबळीचा, पंचेचाळिशीचा, आधी बेंगळुरूत एका मोठ्या क्लबच्या ऑफिसात होता. पहिल्या बैठकीला आला तेव्हा त्याच्या गळ्यात शिट्टी नव्हती आणि पायात साध्या चपला होत्या. तो कानडीत, अगदी हळू बोलला होता, की दोन वर्षं हरायची तयारी असेल तरच मला ठेवा. हावगेप्पा मांडीवर थाप मारून हसले होते. “अरे, हरायला बाहेरून माणूस कशाला आणायचा? ते आम्हाला येतंच की.” सगळे हसले. विरुपाक्षही हसला, पण हसून झाल्यावर त्यानं तेच वाक्य परत म्हटलं. आणि मग खरोखरच हरायला लावलं. इथली रीत अशी की जत्रा-उरुसाच्या सामन्यांना बाहेरचे पाच-सहा पाय आणायचे, कप घ्यायचा, आणि कप कपाटात ठेवून पुन्हा पुढच्या जत्रेपर्यंत गप्प बसायचं. लीगमध्ये मग आपलेच थकलेले अकरा धावायचे आणि शेवटच्या वीस मिनिटांत गोल खायचे. त्यानं ती रीत मोडली. मोटारसायकलवर निर्णा, खटकचिंचोळी, औरादकडची गावं पालथी घातली आणि सतरा-अठरा वर्षांची पोरं गोळा केली: शिकणारी, वीटभट्टीवर जाणारी, एक चक्क घोड्याच्या टांग्यावरची. पहिल्या वर्षी चौदा सामने: दोन जिंकले, तीन बरोबरीत, नऊ हरले. यंदा सामने सोळा, त्यातले बारा झाले होते: तीन, चार, पाच. खालच्या गटात घसरायला एक पायरी उरली होती आणि सामने उरले होते चार. कोपऱ्यावरचा पानवाला ती दिसली की पान लावता लावता विचारायचा, “क्या अक्का, आज कितने से?” हरले का हे तो विचारतच नसे.

धार वाजली. ती उठली, आणि उठता उठता तिनं आतलं दार लोटून घेतलं, हलक्या हातानं, कडी वाजणार नाही असं. आधी पिण्याचा हंडा, मग स्वयंपाकघरातली पातेली, मग मोरीतला निळा ड्रम. हा क्रम हातांना पाठ होता, डोकं मोकळंच राहायचं. पाणी भरताना तिला नेहमी वडील आठवायचे, ते का ते तिला कळायचं नाही. कदाचित तेही असेच, सामना सुरू झाला की डोळे सोडून कानांवर जगायचे म्हणून. पांढरं धोतर, छत्री, मांडीवर वही, आणि नजर मैदानावर नव्हेच, कुठेतरी समोरच्या गवतात. लहानपणी तिनं विचारलं होतं, अप्पा, तुम्ही बघत का नाही? ते म्हणाले होते, बघणारे शंभर आहेत, ऐकणारा एक असू दे. त्यांच्या वहीत गोल, कॉर्नर, फाऊल सगळं असायचंच, पण प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे बारीक ठिपके असायचे. खेळाडूनं दुसऱ्याला नाव घेऊन हाक मारली की एक ठिपका. मागं ये, सोड, माझ्याकडे दे, काहीही असो, नाव घेतलं पाहिजे. ज्या संघात हाका असतात तो हरला तरी जिवंत आहे असं समजायचं, आणि ज्यात नाहीत तो जिंकला तरी तपासून घ्यायचा, असा त्यांचा हिशेब. लोक हसायचे. आचार्यांचं पंचांग म्हणायचे. तिनं मात्र ते ठिपके पुढे चालवले, आधी मायेनं आणि मग सवयीनं, सोनूला छातीशी बांधून, नंतर मांडीवर घेऊन, एका हातानं तिचा बिस्किटाचा चुरा झटकत.

हंडा भरला. तिनं बादली पुढे सरकवली आणि सप्टेंबरातला तो दिवस, जो ती सकाळपासून टाळत होती, तो पाण्याबरोबर आपसूक वर आला. गणपती होऊन गेले होते. विरुपाक्ष घरी आला होता, बिनसाखरेचा चहा घेतला होता, आणि सहज म्हणावं तसं म्हणाला होता, तुमची वही बघू? त्याच्याआधी कुणी कधी मागितली नव्हती. इतक्या वर्षांत कुणीच नाही. तिला झालेला आनंद तिला अजून आठवत होता, अगदी कानाच्या पाळ्या गरम होण्यापर्यंत. हे ठिपके कसले, त्यानं विचारलं. तिनं सांगितलं. तो पानं उलटत गेला, मग एका पानावर थांबला. त्या पानावर दहा नावांपुढे कुठे एक, कुठे दोन ठिपके, आणि एका नावापुढे, महांतेशच्या, ओळ संपून खाली उतरलेले. एक्काहत्तर. महांतेश कप्तान, मधला हाफ, खटकचिंचोळीचा, एकोणतीस वर्षांचा. मैदानावर त्याचा आवाज बसस्टँडपर्यंत जायचा. विनीता अभिमानानं म्हणाली होती, बघा, सगळा संघ हाच चालवतो. विरुपाक्षनं वही मिटली. मग म्हणाला, “होय. बाकीचे दहा रजेवर आहेत.” त्यानं कप उचलून स्वतः मोरीत नेऊन ठेवला, थँक्यू म्हणाला आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ओळ उमटली, करड्या, बारीक अक्षरांत, की विरुपाक्ष यांनी महांतेशला काढून टाकलं. बस. ना फोन, ना बोलावणं. महांतेश त्या दिवशी प्रतीक्षाला, बायकोला, घेऊन दवाखान्यात गेला होता, त्यानं फोन पाहिलाच नाही. तिसऱ्या दिवशी नेहमीसारखा पहाटे बुटांची पिशवी घेऊन मैदानावर आला आणि पोरांची तोंडं बघून त्याला कळलं. हे हावगेप्पांनी मैदानभर सांगितलं. ते पान कुणी दाखवलं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. विरुपाक्षनंही ते कधी काढलं नाही, आणि ते तिला त्याच्या चांगुलपणासारखंच वाटायचं आणि धमकीसारखंही.

दारावर थाप पडली. बेल होती, पण थाप पडली, तळहातानं, गावाकडची. विनीता ओल्या हातांनीच गेली. दारात पद्माबाई, महांतेशची आई, पदर डोक्यावर, बगलेत हिरव्या हरभऱ्याच्या ढाळ्यांची पेंडी, एवढी मोठी की आधी पेंडीच दिसावी.

“हाव का अक्का घरी? लेकरू निजलंय व्हय? मंग बेल न्हाई वाजवली ते बरंच झालं. पानी आलंय का? भरा, भरा. भरू लागू का?”

“झालंच मावशी. बसा तुम्ही. कधी निघालात?”

“सकाळच्या बसनं. भालकीत तासभर बसवून ठिवली त्या डायवरनं, च्या पेत. म्या म्हनलं, आरं, का लगीन लागायलंय का तुजं तितं?” त्या चौकटीला टेकून फरशीवरच बसल्या, खुर्चीला हात लावला नाही. पेंडी सोडली, एक ताट मागून घेतलं, आणि कुणी न सांगता घाटे तोडायला लागल्या. थोडा वेळ तोडण्याचा बारीक आवाज आणि ड्रममध्ये पडणाऱ्या पाण्याचा जाड आवाज, एवढंच होतं. “तुमी आज लिहून देनार म्हनं,” त्या वर न बघता म्हणाल्या.

“कुणी सांगितलं?”

“हावगेप्पाअण्णानं. दोन सह्या झाल्या की त्यो मॅनेजर जातोय, म्हनला. एक त्येची झालीच, एक तुमची. मंग महांतेश परत येतोय. चारच खेळ उरल्यात ना? त्या नोकरीच्या कागदाला आठ लागतेत, खेळाडूंच्या जाग्याला. पाच झाल्यात त्येचे. पुढल्या साली वय निघून जातंय.” त्यांनी मूठभर घाटे ताटात टाकले. “म्या काय तुमाला भरीला घालायला आले न्हाई. ढाळे आनले, लेकराला आवडतेत म्हनून.”

“कसा आहे तो?”

“हाय. बसतोय. त्येचा बाप म्हनतोय, मेंढरं इकली न्हाई पायजे व्हती, त्येच्या मागं तर गेला असता.” बाप म्हणजे लिंगाप्पा, दहा वर्षांपूर्वीपर्यंत त्यांचा कळप माळावर फिरायचा, आता दीड एकर आणि दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी. “दिसभर त्या फोनात बघायलाय. त्या गुरुपातून काढलंय, तितं काय दिसंना, तरी बघायलाय. प्रतीक्षा म्हनती, उठा, जेवा. उठंना.” मग त्यांचे हात थांबले आणि त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. “कामून काढलं वो त्येला? पाय मोडला न्हाई, दारू न्हाई, कुनासंगं भांडन न्हाई. म्या इतक्या जनाला इचारलं. कुनीच सांगंना. कामून?”

“चहा टाकते मावशी,” विनीता म्हणाली.

ओट्याशी उभं राहून तिनं गॅस लावला आणि वही उघडली. वही नेहमी मसाल्याच्या डब्यांशेजारी असायची, हातासरशी. चहा उकळेपर्यंत तिला एकदा, शेवटचं, ते सगळं बघून घ्यायचं होतं. महांतेश गेल्यानंतरचे चार सामने, सहावा ते नववा: पानं जवळजवळ पांढरी. पोरं मुकी झाल्यासारखी धावली होती, तीन हरले, एक कसाबसा बरोबरीत सुटला. मग दहावा, अकरावा, बारावा. इथे ठिपके परत आले होते, आणि एका ओळीत नव्हते; सादिकपुढे चौदा, नागूपुढे अकरा, औरादच्या रेड्डीपुढे नऊ, गोलकीपर बसूपुढे वीस. सात आवाज. एक विजय, दोन बरोबऱ्या. हेच तिला लिहायचं होतं. हा माणूस बरोबर होता. एका आवाजामागं दहा जण लपले होते, तो आवाज काढला, थोडे दिवस काळोख झाला, आणि मग एकेकानं आपापलं तोंड उघडलं. फेरउभारणी म्हणतात ती हीच, कागदावर मांडता येईल अशी. मग पेन का अडत होतं? तिनं सवयीनं पानाच्या उजव्या कोपऱ्याकडे पाहिलं. वडिलांच्या प्रत्येक पानावर तिथे दोन शब्द असायचे: ‘बैठक: पॅव्हिलियन’. रोज तेच, तीस वर्षं तेच, तरी ते दरवेळी लिहायचे. जागा बदललीस तर आधी ते लिही, आणि शक्यतो बदलूच नकोस, असं त्यांनी बजावलं होतं. शंभर फुटांवरून वेगळंच ऐकू येतं. तिच्या पानांवर तो कोपरा रिकामा होता. दहाव्या सामन्याला ती पॅव्हिलियनमध्ये नव्हती. सोनू तिच्याकडे यायला लोखंडी पायऱ्या धावत चढताना पडली होती, हनुवटी फुटली होती, दोन टाके पडले होते. तेव्हापासून विनीता खाली, कडुनिंबाच्या सावलीत, रेघेला लागून सतरंजी टाकून बसत होती. बॅकच्या पाठीशी. बसूपासून वीस पावलांवर.

चहा वर आला. तिनं तो उतू जाऊ दिला नाही, गॅस बारीक केला, पण हे हातांनी केलं. म्हणजे पोरं बोलायला लागली होती, की तिला ऐकू यायला लागलं होतं? कदाचित ती आधीपासून बोलत होती, हळू, पोरांच्या आवाजात, आणि पॅव्हिलियनपर्यंत फक्त महांतेशचा आवाज पोचत होता, मेंढरांमागं माळावर वाढलेला तो आवाज. एक्काहत्तर ठिपके त्याचे आणि बाकीच्यांचे एकेक, ते खरं की ते अंतर? तिला एकदम हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाचीच भीती वाटली, कारण त्यात एक वाट होती. तिनं खरंखुरं लिहिलं असतं की माझं मोजमाप सदोष आहे, सबब मी या माणसाच्या बाजूनं मत देऊ शकत नाही, तर त्यात खोटं काहीच नव्हतं. वडिलांनाही ते मान्य झालं असतं. मॅनेजर गेला असता, महांतेश आला असता, आठाच्या जागी नऊ सामने झाले असते, आणि सप्टेंबरातला तो चहा कायमचा मोरीत वाहून गेला असता. इतकी स्वच्छ वाट. फक्त ती इतक्या सोयीच्या वेळी सापडली होती.

आतून पायांचा आवाज आला. सोनू झोपेतून नेहमी न रडता उठायची; आधी थोडा वेळ उंबऱ्यावर उभी राहून घर जागच्या जागी आहे ना ते बघायची. एका गालावर उशीची घडी उमटलेली, हनुवटीवर टाक्यांची गुलाबी रेघ. पद्माबाईंकडे बघून ती हसली, त्यांनी घाटा सोलून तिच्या तोंडात घातला, आणि ती तिथेच फरशीवर बसली. ड्रम केव्हाच भरून वाहिला होता, पाणी मोरीच्या काठावरून स्वयंपाकघरात आलं होतं; विनीता पटकन नळ फिरवायला गेली, आणि परत येईतो सोनूनं मांडणीवरच्या खालच्या खणातल्या वाट्या काढून त्या पाण्यात मांडल्या होत्या. एक घाटा म्हणजे चेंडू. हा तिचा खेळ जुना होता. जुलैत ती हेच खेळायची, आणि तेव्हा या वाटीपासून त्या वाटीपर्यंत घाट्याऐवजी बटण सरकवत एकच ओरडा करायची, जाड आवाज काढून. सगळ्या वाट्यांना एकच मोठी वाटी रागवायची. महांतेशमामाची वाटी. सामन्याच्या वेळी सोनू आईजवळ कमीच असायची. यंदाच्या पहिल्या सामन्यापासून तिची जागा समोरच्या बाजूला, राखीव पोरांजवळ, पाण्याच्या बाटल्यांच्या क्रेटवर, आणि ती तिनं कधी बदलली नव्हती.

“सादिक, पीछे देख!” सोनू बारीक ओरडली आणि वाटी सरकवली. “नागू, बिडो, बिडो!” सोड, सोड म्हणत ती दुसरी वाटी. मग घसा ताणून, “ए रेड्डी, इकडं, इकडं दे रे!” आणि गोलातल्या तांब्यावर हात ठेवून, “बसू हाय, बसू हाय!” मराठी, कानडी, दखनी, जशी पोरं खरोखर ओरडायची तशी, प्रत्येकाचा आवाज निराळा काढून. पद्माबाई कौतुकानं बघत होत्या. विनीता ओलं फडकं हातात घेऊन उभी राहिली. जुलैत एकच आवाज, आता इतके; आणि दोन्ही वेळा या मुलीचे कान एकाच जागी होते. आणि या मुलीला विरुपाक्ष कोण, समिती काय, नोकरीचा कागद काय, काही माहीत नव्हतं. सापडलेली वाट जशी उघडली होती तशीच, आवाज न करता, बंद झाली. तिला हायसं वाटलं नाही. नुसतं कळलं.

तिनं फडकं खाली ठेवलं. पद्माबाईंच्या समोर, ओल्या फरशीवर बसली. “मावशी, कामून काढलं ते सांगते. त्याच्यात माझा हात आहे.” तिनं वही उघडून ते सप्टेंबरातलं पान पुढे धरलं. “हे पान मी त्यांना दाखवलं. मी वाईटासाठी नाही दाखवलं. पण मीच दाखवलं.”

पद्माबाईंनी पदरानं हात पुसले आणि पान जवळ घेतलं, मग लांब धरलं. “मला वाचाया येत न्हाई. काय हाय हितं?”

“ठिपके. महांतेश खेळताना किती जणांना हाक मारायचा, त्याचे. बाकीचे मारायचेच नाहीत. मॅनेजरना वाटलं, हा आहे तोवर दुसरं कुणी तोंड उघडणार नाही.”

“हाक मारतोय म्हनून काढलं?” त्यांचा आवाज चढला नाही. त्या पानावर बोट फिरवत राहिल्या, आंधळ्यानं फिरवावं तसं. “अक्का, त्यो सात वर्साचा व्हता तवापसनं बापाबरूबर माळावर. एकेक मेंढरू नावानं हाकारायचा. हाक मारायची न्हाई तर माघारी कसं येतेत ती? आमी त्येच तर शिकवलं त्येला.” मग, “आन् आता ती पोरं मारतेत का हाका?”

“मारतात मावशी. बघितलंत ना.”

“बघितलं,” पद्माबाई म्हणाल्या. त्यांनी वही मिटून परत दिली आणि घाटे तोडायला घेतले. “च्या देताव का न्हाई?”

विनीतानं चहा दिला. धार वाजल्यापासून किती वेळ झाला ते तिनं पाहिलं नाही. टेबलाशी जाऊन तिनं पेन उचललं आणि ‘की’च्या पुढे लिहिलं, की त्यांना पुढील दोन वर्षे ठेवावे. का, ते आकड्यांसह लिहिलं. दहाव्या सामन्यापासून माझी बैठक बदलली आहे, ते आकडे त्या बेतानेच धरावेत, हेही लिहिलं. मग नवा परिच्छेद. महांतेश यांना ज्या रीतीने काढले ती रीत या क्लबला शोभणारी नाही. ज्या पानावरून हा निर्णय झाला ते पान मी दाखवले होते, आणि ही गोष्ट मी चार महिने समितीपासून लपवली. विरुपाक्ष यांनी खटकचिंचोळीला जाऊन त्यांना समोर बसवून कारण सांगावे. मी बरोबर जाईन. इथे ती थांबली. याच्यापुढे काहीतरी पाहिजे होतं, तीन सामन्यांबद्दल, वयाबद्दल, पण जे पाहिजे होतं ते तिच्या हातात नव्हतं, आणि जे हातात होतं ते लिहून झालं होतं. तिनं सही केली. रामाचार्यांच्या सहीसारखीच ती खाली रेघ ओढायची, ती ओढली.

मागे वाट्यांचा खेळ थांबला होता. तिनं वळून पाहिलं. सोनू उकिडवी बसली होती आणि ओल्या फरशीवरच्या वाट्या एकेक करून मोजल्यासारख्या बघत होती. मोठी वाटी तिच्या मांडीवर होती, खेळात नव्हती; ती तिनं दोन्ही हातांनी धरली होती. पद्माबाईंच्या बोटांत एक घाटा अर्धा सोललेला राहिला होता.

“आई,” सोनू म्हणाली, “सादिकला नागू हाक मारतोय. नागूला रेड्डी मारतोय. महांतेशमामाला आता कोण हाक मारतंय गं?”